अझुकीच्या अकाली मृत्यूचा तपास

मात्सुमोतो शहरातलं सर्वांत तल्लख डोकं आपल्याच खांद्यांवर आहे, हे मोरोझुमी तात्सुओ यांच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं. इतर कुणाच्या ते अजून लक्षात आलेलं नव्हतं, हे त्यांच्या मते शहराचं दुर्दैव. नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचण्यात त्यांची उभी हयात गेली होती. लोकांच्या परसदारी वाकून बघायचा सरकारी परवाना ज्याने आयुष्यभर बाळगला, तो निवृत्तीनंतर गुप्तहेर होणार नाही तर काय होणार, असा त्यांचा बिनतोड सवाल असे. त्यांनी ‘खासगी अन्वेषक’ अशी कार्डंही छापून घेतली. नजर गरुडाची, कान सशाचे आणि नाक शिकारी कुत्र्याचं, असं ते स्वतःचं वर्णन करत. त्यावर त्यांची बायको किनुए म्हणे, “आणि चष्मा कपाळावर. तो आधी खाली घ्या.”

त्यांनी उकललेल्या प्रकरणांत हरवलेल्या चष्म्यांचा भरणा जास्त होता, हे ते एकांतात मान्य करत. एकांतात ते बरंच काही मान्य करत. उदाहरणार्थ, निवृत्तीनंतर कचरा बाहेर ठेवण्यापलीकडे कुणी आपल्यावर काही सोपवलेलं नाही, आणि तोही बाटल्या-झाकणं वेगळी केली आहेत का हे किनुए पुन्हा उघडून बघते.

म्हणून मुलगी युकारी हॅमस्टरचा पिंजरा घेऊन आली, तेव्हा त्यांची छाती फुगली. युकारीची साप्पोरोला बदली झाली होती, आणि तिथल्या नव्या घरमालकाला गोल्डफिशसुद्धा चालत नव्हता. घर लावून येण्यापुरती ती पुढे जाणार होती.

“बाबा, ही परीक्षा समजा,” ती म्हणाली. “मी येईपर्यंत अझुकीला नीट सांभाळलंत, तर तो कायमचा तुमच्याकडे. नाही जमलं तर ऑफिसातली एक मैत्रीण न्यायला तयार आहे.”

“परीक्षा माझी की त्याची?”

“तुमची. तो पास आहे.”

अझुकी ड्वार्फ हॅमस्टर होता, उंदराच्याच कुळातला. मुठीत घेतला तर मुठीत जागा उरेल एवढा, राखाडी, पाठीवर एक काळी रेघ आणि मण्यासारखे दोन डोळे. युकारीने बापाला सगळं समजावून सांगितलं. खोली उबदार ठेवायची. हात वरून घालायचा नाही, ससाणा आल्यासारखं वाटतं त्याला. तळवा उताणा ठेवायचा, त्यावर सूर्यफुलाची एक बी ठेवायची आणि गप्प बसायचं. तो आपण होऊन येतो. मोरोझुमींनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. लिहून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही.

यातलं गप्प बसणं त्यांना जमलं नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी आपलं कार्ड पिंजऱ्यात पेश केलं. अझुकीने ते कुरतडून त्याचं अंथरूण केलं. मग तळव्यावर बी ठेवून ते त्याला विचारू लागले, की मूळचे कुठले, घरी कोण कोण असतं, रात्रभर चाकात धावून जायचं कुठे असतं. अझुकीने बोटाला कडकडून चावा घेतला. बी घेतली ती वेगळीच. ‘माल गालात दडवतो आणि प्रश्न विचारले की चावतो,’ असा शेरा मोरोझुमींनी मनातल्या मनात मारला. पण आतून त्यांना फार लागलं. शेजारच्या मोमोसेबाई सहज डोकावल्या, तर हा पठ्ठ्या त्यांच्या मनगटावर चढून बसला होता.

शेवटी त्यांनी अझुकीला सहायक म्हणून नेमलं आणि पिंजरा उचलून खिडकीलगतच्या कपाटावर ठेवला. तिथून मोमोसेबाईंचा बोका गोंता आपल्या कुंड्यांत काय उद्योग करतो यावर पाळत ठेवता येत होती. सहायक दिवसभर झोपतो, ही एक छोटीशी अडचण होती.

युकारी परत यायच्या दिवशी सकाळी मोरोझुमींनी पिंजऱ्यात पाहिलं. अझुकी भुशात गोळा होऊन पडला होता. बोट लावलं तर थंडगार आणि ताठ. चावला नाही. तो चावला नाही, तेव्हाच त्यांना कळलं.

“किनुए,” त्यांनी हाक मारली, “कशाला हात लावू नकोस. खून झालाय.”

“कुणाचा?”

“अझुकीचा.”

किनुए फडकं हातात घेऊनच आली आणि पिंजऱ्यात बघून मटकन खाली बसली. “अगं बाई. आणि आज युकारी येणार.”

“म्हणूनच तपास लगेच व्हायला हवा.”

खून म्हटलं की खुनी कुणीतरी दुसरा असतो. नुसता मेला म्हटलं, तर तो आपल्या हातून मेला असा अर्थ होतो. हे मोरोझुमींना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते खुनाला घट्ट धरून होते.

“दाराची कडी बाहेरून लावलेली आहे,” ते पिंजऱ्याभोवती फिरत म्हणाले. “याचा अर्थ, खुनी आत नव्हता.”

“आत मावला असता?”

“मधे बोलू नकोस. पाठ बघ त्याची. केस पांढरे पडायला लागलेत. मरण्यापूर्वी त्याने काहीतरी भयंकर पाहिलं.”

“हिवाळ्यात पांढरे होतातच त्यांचे केस. युकारीने सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“तुम्हाला. तुम्ही मान डोलावलीत.”

मोरोझुमींनी हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवला. प्रेत जपून ठेवणं महत्त्वाचं होतं. त्यांनी अझुकीला स्वच्छ हातरुमालात गुंडाळलं आणि फ्रीजकडे निघाले. किनुए दारात आडवी उभी राहिली.

“जिथे तोफू ठेवते, तिथे मी मयत ठेवू देणार नाही.”

“मग टेबलावर?”

“तिथे चहा पितो आपण.”

कुठेच जागा मिळेना, तेव्हा त्यांनी ती पुरचुंडी आपल्या जाड रुईभरल्या जाकिटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली. एवढ्याशा जिवाचं ओझं ते किती असणार. पण ते त्यांना सारखं जाणवत होतं.

तेवढ्यात मोमोसेबाई आल्या. आळीतल्या सूचनांची फिरती फाइल पुढच्या घरी पोचवायची, हे त्यांचं निमित्त. बरोबर नोझावानाच्या लोणच्याचा वाडगा होताच. त्यांच्या घरी हा पाला पिंपभर घातलेला असे आणि मार्चपर्यंत तो आळीला पुरवायचा त्यांनी विडा उचललेला असे. तिघांनी कोतात्सूच्या रजईखाली पाय सारले. टेबलाखालची शेगडी पायांना लागली, चहा ओतला गेला, आणि मोरोझुमींनी चौकशी सुरू केली.

“मोमोसेबाई, तुमचा गोंता काल दुपारी कुठे होता?”

“कोतात्सूत.”

“संध्याकाळी?”

“कोतात्सूत.”

“आणि नंतर?”

“मोरोझुमीसाहेब, तो डिसेंबरापासून कोतात्सूतच आहे. मार्चमध्ये बाहेर आला की विचारा. त्याचं शेपूट माझ्या धन्याच्या पायाखाली आलं, तरी हलत नाही तो.”

“मग माझ्या कुंड्या कोण उकरतं?”

“तुम्हीच. मागच्या वेळी किल्ली शोधत होतात.”

गोंता सुटला. मोरोझुमींनी लोणच्याच्या वाडग्याकडे रोखून पाहिलं. पिंजऱ्यातल्या वाटीत सुकलेल्या हिरव्या पानाचा एक तुकडा पडलेला त्यांनी पाहिला होता. हॅमस्टरला खारट चालत नाही, एवढं त्यांच्या लक्षात होतं. ते उठले, तो तुकडा चिमटीत धरून आणला आणि दोघींच्या तोंडासमोर नाचवला.

“हा नोझावाना. विषप्रयोग. आणि या आळीत नोझावाना एकाच घरातून येतो.”

मोमोसेबाईंनी शांतपणे लोणच्याची एक काडी तोंडात टाकली. “चाखून बघा की.”

मोरोझुमींनी चाखून बघितलं. चावलं. गिळलं.

“कोबी,” ते म्हणाले.

“मीच घातला होता काल,” किनुए म्हणाली. “अहो, पुरावा होता ना तो?”

“होता.”

चहाची दुसरी फेरी झाली. मोमोसेबाई आता रंगात यायला लागल्या होत्या. “सगळ्यांना विचारलंत. तुम्ही स्वतः काल काय केलंत, ते सांगा ना. टीव्हीत तेही विचारतात.”

“मी?” मोरोझुमी दुखावल्या आवाजात म्हणाले. “मी काय करणार. जेवलो, खोलीतला रॉकेलचा स्टोव्ह बंद केला, कोतात्सूत पाय घातले, बातम्या पाहिल्या, आणि तिथेच माझा डोळा लागला.”

दोघींनी माना डोलावल्या. पाय रजईखाली असताना स्टोव्ह पेटता ठेवणारं घर या आळीत उधळं समजलं जाई. मोरोझुमींच्या आईने तो तसाच बंद केला होता, आजीने हिबाची शेगडीतले निखारे राखेत पुरले होते. त्यात कुणी संशय घ्यावा असं काही नव्हतंच. किनुएने लोणचं पुढे सरकवलं.

मोरोझुमींनी वाडगा बाजूला सारला. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाले, “एकच शक्यता उरते. त्याला मी आवडलो नाही. युकारी निघून गेली, आणि मागे उरलो मी. त्याने हाय खाल्ली.”

“अहो, काहीतरीच काय.”

“सगळ्यांच्या हातावर यायचा गं तो. माझ्या एकट्याच्या नाही.”

मोमोसेबाईंनी न विचारता मोरोझुमींच्या कपात चहा ओतला.

दार सरकल्याचा आवाज आला. “आले मी,” म्हणत युकारी आत आली आणि कोट काढता काढता थांबली. “आई गं. घर आहे का बर्फाचा कारखाना? साप्पोरोला बाहेर डोक्याएवढा बर्फ, पण घरात माणसं अर्ध्या बाह्यांनी आइस्क्रीम खातात. इथे मला आतसुद्धा कोट काढवेना.”

मोरोझुमी कोतात्सूतून बाहेर आले. गुडघे टेकले, दोन्ही तळवे चटईवर ठेवले आणि कपाळ जमिनीला लागेल इतकं वाकले. त्यांनी एक भाषण तयार केलं होतं, त्यात परिस्थितीजन्य पुरावा वगैरे शब्द होते. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.

“युकारी, मी नापास झालो. अझुकी गेला. कुणी मारला ते मला सापडत नाही.”

युकारी झटकन पुढे आली. “कुठाय तो?”

“खिशात.”

ती त्यांच्यासमोर बसली, जाकिटात हात घालून तिने रुमाल अलगद बाहेर काढला, उघडला. दोन बोटं त्याच्या पोटाखाली सरकवली आणि श्वास रोखून थांबली. कुणीच हललं नाही. मोमोसेबाईंचा हातसुद्धा वाडग्यावर तसाच थांबला.

“मिशी हलली,” युकारी म्हणाली. “बाबा, स्टोव्ह कुणी बंद केला?”

सगळ्यांनी आधी थंड स्टोव्हकडे पाहिलं. मग रजईकडे, जिच्याखाली इतका वेळ सहा पाय मजेत शेकले होते. मग खिडकीशी ठेवलेल्या पिंजऱ्याकडे. सगळ्यांत शेवटी तिघींनी मोरोझुमींकडे पाहिलं.

“फार थंडी झाली की हे असे गोठून निजतात,” युकारी म्हणाली. “श्वास इतका हळू होतो की कळतही नाही. तसाच राहिला असता तर खरंच गेला असता. किती वेळ होता खिशात?”

“हे बघ,” मोमोसेबाईंनी अर्धा रिकामा वाडगा दाखवला. “इतका वेळ.”

“मग त्यामुळेच वाचलाय. बाबा, तुम्ही त्याला छातीशी धरून बसलात म्हणून वाचला.”

ही संधी चालून आली होती. मोरोझुमींच्या जिभेवर एक अत्यंत तल्लख उत्तर आलंसुद्धा. पण मुलीच्या तळव्यातल्या त्या एवढ्याशा गोळ्याकडे बघून त्यांना ते बोलवेना.

“वाचवायला नव्हता ठेवला,” ते म्हणाले. “तुझी आई फ्रीजमध्ये ठेवू देईना.”

युकारीला हसू आवरेना, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने अझुकीला त्यांच्या ओंजळीत ठेवलं. “धरा. असाच धरायचा, जागा होईपर्यंत. हात हलवायचे नाहीत. आणि बाबा, बोलायचं नाही.”

किनुएने उठून स्टोव्ह पेटवला.

“पण मग खुनी कोण?” मोमोसेबाईंना राहवेना.

“खून झालेला नाही,” मोरोझुमी कुजबुजले. “प्रयत्न झाला. आरोपी पाणीखात्यातला निवृत्त माणूस आहे. वय झालंय त्याचं. सोडून द्या.”

त्यानंतर ते गप्प बसले. पाय बधिर झाले, नाक खाजायला लागलं, तरी हलले नाहीत. ओंजळीत आधी बारीक थरथर सुरू झाली, एखादं घड्याळ पुन्हा चालू व्हावं तशी. मग मिशा हलल्या. एक डोळा उघडला, मग दुसरा. अझुकीने त्यांच्याकडे बघितलं. आता हा चावणार किंवा पळणार, अशी मोरोझुमींनी मनाची तयारी केली आणि तरी बोट मागे घेतलं नाही. अझुकीने त्या बोटाचा वास घेतला, लटपटत मनगटावर चढला, जाकिटाच्या बाहीत शिरला, आत एक गिरकी घेतली आणि तिथेच निजला.

युकारी हे सगळं बघत होती. “पिंजरा इथेच राहू दे,” ती आईला म्हणाली. “कपाटावर मात्र नको. आणि स्टोव्हचं बटण तुझ्याकडे.”

मोरोझुमींनी मान डोलावली. या खेपेला त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांचा चहा समोर निवत चालला होता. एका बाहीत अझुकी, दुसऱ्या हाताने ती बाही सावरून धरलेली, त्यामुळे कप उचलणं शक्यच नव्हतं, आणि मागायचा तर बोलावं लागलं असतं. किनुएने ते पाहिलं. ती पुढे सरकली आणि तिने कप त्यांच्या ओठांना लावला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने असं कधी केलं नव्हतं.

“हळू प्या,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “उठेल तो.”