परदेशी कुटुंब, कॉलेजपासून जवळच

सहादेवची सगळी फजिती एका "हो सर"मुळं झाली. श्रीरामपूरकडच्या एका कॉलेजात हा क्लार्क, अकरा वर्षं टेम्पररी. (तेवढ्या काळात कॉलेजच्या गेटला तीनदा नवा रंग लागला, ह्याच्या हातात ऑर्डर काही लागली नाही.) असा माणूस प्रिन्सिपलसाहेबांना आधी "हो सर" म्हणतो, ऐकतो नंतर.

साहेब फोनवर म्हणाले, "सहादेव, आपली पोरं काही लंडनला जाऊ शकत नाहीत. पण जगाचा अनुभव त्यांना मिळालाच पाहिजे, आणि तोही कॉलेजच्या जवळ. एखादं परदेशी कुटुंब बघ. शनिवारी पोरं नेऊ, त्यांची राहणी, खाणंपिणं, रीतभात दाखवू. विद्यापीठाच्या मॅडम येणारेत. हे नीट पार पडलं तर तुझी कायमची ऑर्डर झालीच म्हणून समज."

"हो सर," म्हणून सहादेवनं फोन ठेवला. जवळपास परदेशी कुटुंब त्याला एकच ठाऊक होतं. बेलापूरचे अजिनाथ परदेशी. त्याचे सख्खे सासरे.

आता हे परदेशी आडनावाचे. चार पिढ्यांमागं उत्तरेतून आलेले, पण आज त्या घरात कुणाला श्रीरामपूरच्या पलीकडं करमत नाही. आणि त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही अशी शपथ सहादेवनं धोंड्याच्या महिन्यात घेतलेली. झालं असं, की सासऱ्यांनी जावयाला अनारशांबरोबर मनगटी घड्याळ दिलं. ते बंद निघालं.

"मामा, हे चालत न्हाई."

"जावईबापू, तुमी तरी कुठं चालता?"

अख्खी पंगत हसली. सहादेव भरल्या ताटावरून उठला. (अनारसे तेवढे खिशात घातले म्हणतात. खरंखोटं त्या खिशाला ठाऊक.)

पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर. बायकोला म्हणाला, "भारती, तुझ्या बाबांना फोन लाव."

"व्हय? आन् शपथ?"

"शपथ टेम्पररी हुती. साहेबांना तुझ्या बाबांची रीतभात बघायचीय."

"बाबांची? रीतभात?" भारती इतकी हसली, की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि रात्री डाळ चमच्यानं नाही, पेल्यानं प्यावी लागली.

शनिवारी दोन टेम्पो भरून पोरं-पोरी बेलापुरात उतरल्या. साहेब एवढ्या उन्हात कोट घालून. अजिनाथ परदेशी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, पायजमा, बंडी, तोंडात तंबाखू.

साहेबांनी चारी दिशांना बघितलं. "कुठंय ती फॅमिली? फ्रेंच का जर्मन?"

सहादेवनं दारावरच्या पाटीकडं बोट केलं. "हे काय सर. परदेशी."

साहेबांचं तोंड एरंडेल प्याल्यागत झालं. "अरे गाढवा, फॉरेनर म्हणालो मी!"

"परदेशी म्हणालात, सर."

"ऑर्डर विसर तू. उद्यापासून कॉलेजात पाय ठेवू नकोस."

तेवढ्यात मॅडमची गाडी येऊन थांबली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. जावयाला खुणेनं जवळ बोलावून हळूच विचारलं, "जावईबापू, ते घड्याळ चालतं का आता?"

"चालतं मामा. पळतंय."

"आन् तुमी?"

सहादेवनं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा मॅडमकडं. "मीच चालत नव्हतो, मामा."

"मंग जावा गोठ्यात. शेन लई झालंय. फावडं कोपऱ्यात हाय." आणि म्हातारा उठून खणखणीत आवाजात म्हणाला, "या मॅडम! या पोरींनो! चपला ऱ्हाऊ द्या पायात, परदेशात चालतंय!"

सगळी वरात गोठ्यात नेली. "ही एच.एफ. गाय, हिचं माहेर हॉलंड. ही जर्सी, तिकडं समुद्रात बेट हाय त्या नावाचं. दोघी एकाच गव्हाणीवर भांडत्यात. ह्याला म्हनायचं आंतरराष्ट्रीय राजकारण." मग शेतात. "ठिबक शिकलो इस्रायलकडून, मोटर चीनची. मिरची, बटाटा, टोमॅटो सातासमुद्रापल्याडचे, आन् आमची ही म्हनती, भाजी माझ्या आज्जीची!"

पार्थ नावाच्या पोरानं विचारलं, "पण आजोबा, तिकडच्या जगाचा तुमच्याशी काय संबंध?"

"संबंध? न्यूझीलंडात दुधाची पावडर लई झाली, की हितं माझ्या दुधाचा दर पडतो. त्या गाईंना मी वळखत न्हाई, पन माझ्या चहातली साखर त्याच कमी करत्यात."

पोरं हसली, मग भराभरा लिहायला लागली. मॅडमनी तर दुसरी वही काढली. "सर, कॉलेजपासून वीस मिनिटांवर जग! कुणाची कल्पना ही?"

साहेबांनी कोट झटकला. "माझीच. मीच म्हणालो सहादेवला, परदेशी बघ."

सहादेव हे उकिरड्याकडं जाता जाता ऐकत होता. तोंड उघडायची सोय नव्हती. (शेणाची पाटी डोक्यावर असताना माणसानं तोंड उघडू नये.)

महिन्यानं पोरांचे अहवाल विद्यापीठात गेले. पहिला नंबर संस्कृती नावाच्या मुलीचा. तिनं लिहिलं होतं, "परदेशी लोक पाहुण्यांना फार मान देतात. मात्र त्यांच्यात जावयाला शेण भरावं लागतं. ही चांगली प्रथा आपल्याकडंही यावी." मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं, 'मौलिक निरीक्षण. उपक्रम दर शनिवारी व्हावा.'

आणि अकरा वर्षांनी ऑर्डर आली! सहादेव पेढे घेऊन धावतच घरी. "भारती, कायम झालो!"

भारतीनं ऑर्डर खालपर्यंत वाचली. दर शनिवारी सकाळी आठला विद्यार्थ्यांसह अजिनाथ परदेशी यांच्याकडं हजर राहावे, असं शेवटच्या ओळीत होतं. तिनं कागदाची नीट घडी घातली.

"कायम झालात, पन माझ्या माहेरी. आत्ताच बाबांचा फोन हुता. फावड्याला नवा दांडा बसवलाय म्हनले, तुमच्या उंचीचा."