वाळवंटातला नवस

माणूस नश्वर असतो, वारसा चिरंतन. म्हणूनच जर्मनीत वारशाला जागा चटकन मिळते आणि माणसाला तीन पगारपत्रकं दाखवूनही मिळत नाही.

इंगोलश्टाटला मोटारींचे गिअर जुळवणाऱ्या यशोधनला हे सत्य घरमालकाची नोटीस आल्यावर कळलं. सप्टेंबरअखेर घर सोडायचं होतं. अर्ज पन्नासेक केले, उत्तरं चार आली, त्यातली तीन चुकून. पुण्याहून आलेली त्याची आई, वासंतीबाई, म्हणाली, "तोंड पाडून बसण्यापेक्षा मला कुठं फिरवून तरी आण."

त्याने तिला वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात नेलं. (जर्मनीला मुळात वाळवंट नव्हतं. रणगाड्यांच्या सरावाने जे उजाड झालं, त्याचीच पुढे शिस्तीत निगा राखली गेली.) तिथे कांस्ययुगीन थडगी जपली आहेत, मध्ययुगीन विहीर जपली आहे, आणि सैनिकांनी फेकलेले टोमॅटोचे डबेही. पुरेशी वर्षं कुणी उचलला नाही की कचऱ्याचा वारसा होतो. या निकषावर आपले कित्येक तालुके फार पुढे आहेत.

यशोधन पाट्या वाचत होता, तेवढ्यात वासंतीबाईंनी, गडावर रचतात तसे, घर व्हावं म्हणून पाच दगड एकावर एक रचले. पर्समधल्या पुडीतलं हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

त्या पुण्याला परतल्यावर ते दगड तज्ज्ञांना सापडले. प्रयोगशाळेत ते अतिप्राचीन ठरले. (दगड सहसा असतातच.) हळदीवरून पूर्वेशी व्यापार सिद्ध झाला. वर्तमानपत्रात फोटो पाहून यशोधन धावत उद्यानात गेला आणि मार्गदर्शक बाईंना म्हणाला, "हे माझ्या आईने रचलंय."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" बाईंचे डोळे पाणावले. "इथे प्रत्येकाला तसंच वाटतं."

ऑगस्टमध्ये दगडांना काचेची खोली मिळाली. दक्षिणेला खिडकी, हीटिंग, मुदत बेमुदत. यशोधनने फोनवर आईला सगळं सांगितलं.

वासंतीबाई म्हणाल्या, "नवस फळला रे. घर कुणाला, तेवढं बोलायचं राहिलं बघ."

आता तिथे जाणारा प्रत्येक मराठी माणूस ते दगड बघताक्षणी ओळखतो. ओळखून गप्प बसतो, कुणाचं लक्ष नाही असं पाहून हात जोडतो, आणि स्वतःचं नाव, गाव, किती खोल्या हे स्पष्ट सांगतो. तुम्हीही सांगाल.

यशोधन सध्या मित्राच्या सोफ्यावर झोपतो.