अध्यक्षांचा तेजोमेघ

ज्या दिवशी बेकरीवाल्याला बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्याच संध्याकाळी आकाशप्रेमी मंडळाचे अध्यक्ष त्याच्या दारात उभे राहिले. चेहरा त्यांनी रीतसर लांब केला होता. वहिनी म्हणजे मंडळाचा आधार होत्या, असं म्हणून त्याच श्वासात त्यांनी वहिनींची दुर्बीण कुठे ठेवली आहे ते विचारलं. अशी वस्तू जाणत्या हाती पडावी, असं त्यांचं मत होतं. जाणता हात कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही, पण हात पुढे केला होता.

त्या दिवशी बेकरीवाल्याला रागवायचंही त्राण नव्हतं. महिन्याभराने अध्यक्ष पुन्हा आले तेव्हा त्याने एकच अट घातली. अभिजित ताऱ्याजवळ अंगठीसारखा एक तेजोमेघ आहे, बायको त्याच्यावर जीव टाकायची. तो एकदा दाखवा आणि दुर्बीण घेऊन जा. पहाटे भट्टी पेटवायची म्हणून बेकरीवाला दिवेलागणीलाच झोपायचा. ती काय बघते, ते त्याला फक्त ऐकून माहीत होतं.

"एवढंच ना?" अध्यक्ष म्हणाले. "डोळे मिटून दाखवतो."

आणि त्यांनी तसंच दाखवलं.

शनिवारी अंधार पडताच मंडळ बेकरीच्या गच्चीवर जमलं. अध्यक्षांनी दुर्बिणीशी बराच वेळ झटापट केली, नाठाळ म्हैस गोठ्यात कोंबावी तशी. मग सापडला म्हणून जाहीर केलं आणि व्याख्यान सुरू केलं. नाव ग्रहीय तेजोमेघ, पण ग्रहाशी संबंध काही नाही. म्हातारा तारा मरताना अंगावरचे वायूचे थर सोडून देतो, त्याचं हे कडं. दंतवैद्य बघून म्हणाले, आयुष्य सार्थकी लागलं. बँकेतल्या बाईंनी कोरडे डोळे पुसले.

मग बेकरीवाल्याची पाळी आली. त्याने डोळा लावला. मधे काळं भोक, भोवती झगझगीत कडं. पण ती तर म्हणायची की तो फुंकरीने उडेल इतका फिका असतो, सरळ बघितलं की हरवतो, जरा बाजूला बघितलं की दिसतो. हा समोरून मोटार यावी तसा डोळ्यात घुसत होता. जरा मंद होतो का बघावं म्हणून त्याने भट्टीचा गॅस कमी करावा तशी दुर्बिणीची चकती फिरवली. कडं आवळत गेलं आणि त्याचा एक टपोरा ठिपका झाला.

"आटला," तो घाबरून म्हणाला.

अध्यक्षांनी डोळा लावला, चकती उलटी फिरवली. कडं पुन्हा फुगलं. दुसरा माणूस ओशाळला असता. अध्यक्षांनी सांगितलं की तेजोमेघ श्वास घेतो आहे, आणि हे आजवर कोणी पाहिलेलं नसावं. मग सगळ्यांनी पाळीपाळीने चकती फिरवून त्याला श्वास घ्यायला लावला. टाळ्या पडल्या. बाई वर्तमानपत्राला कळवायला निघाल्या. आपण दुसरे साक्षीदार, हे दंतवैद्यांनी लिहून घ्यायला लावलं.

शेवटी मेहुणीची पाळी आली. बहीण आकाश बघायची तेव्हा ती टॉर्च धरायची. तिने एकदा बघितलं, चकतीला हात न लावता नळी फिरवून लांबच्या टॉवरवरच्या दिव्याकडे धरली. तिथेही मधे काळं भोक आणि भोवती लालभडक कडं.

"अध्यक्षसाहेब, हा दिवापण मेला का? वीजवाल्यांना कळवायला हवं."

मग तिने सांगितलं. या आरशाच्या दुर्बिणीत चकती फिरून फोकस बिघडला की कुठलाही उजेड कड्यासारखा दिसतो, मधलं भोक पुढच्या छोट्या आरशाच्या सावलीचं. ताई नवख्यांना हे पहिल्याच दिवशी सांगायची. अध्यक्षांनी पकडला होता तो खुद्द अभिजित, त्या भागातला सगळ्यांत ठळक तारा, नुसत्या डोळ्यांनीही न चुकणारा.

अध्यक्ष म्हणाले, हवा खराब आहे. आकाशात ढगाचा कपटाही नव्हता. दंतवैद्यांना अचानक कोणाची तरी दाढ आठवली. जिन्यावरून अध्यक्षांनी वळून विचारलं, निदान स्टँड तरी द्याल का?

सगळे गेल्यावर दोघांनी पुष्कळ शोधलं. पण मेहुणीला टॉर्च धरणंच येत होतं, जागा नेहमी ताईच शोधायची.

"ताई असती तर एव्हाना दाखवून झाला असता, दाजी."

"ती असती तर मी झोपलो असतो," बेकरीवाला म्हणाला.

दुर्बीण अजून गच्चीवरच आहे. तो तेजोमेघ त्याने अजून पाहिलेला नाही.