मूठ वळली की आवाज बंद

दुकानातल्या तंत्रज्ञाने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. एकीतलं कानातलं यंत्र बटणावर चालणारं, दुसरीतलं नुसत्या हातवाऱ्यांवर. सिग्नलने दुसरीवर बोट ठेवलं आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

सिग्नल हे त्याचं कामावरचं नाव. पोलादाच्या यार्डात एकतीस वर्षं तो क्रेनखाली उभा राहिला आणि वर काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या क्रेनवाल्याशी हातांनी बोलला. बोट वर, म्हणजे उचल. बोट खाली, म्हणजे सोड. मूठ वळली, की आहे तिथे थांब. खडखडाट एवढा, की तोंड उघडण्यात अर्थच नव्हता. त्या खडखडाटाने त्याचे दोन्ही कान खाल्ले. एकतीस वर्षांत कंपनीने त्याला कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा दिला नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी कागदावर लिहून दिलं, ‘श्रवणदोष वयोमानानुसार.’ (सिग्नलचं वय तेव्हा अठ्ठावन्न. सही करणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरचं बासष्ट, आणि त्याला दाराबाहेरची कुजबुज स्वच्छ ऐकू यायची.)

“बाबा, बटणवालं घ्या,” लेक त्याच्या तोंडासमोर येऊन ओरडली.

“या बोटांनी?” त्याने पंजा पसरला. दोन बोटं चेचलेली, एक अर्धंच. “आणि हातवारे हा माझा धंदा आहे. वीस टनांचे गर्डर हलवलेत मी या हातांनी. हे शेंगदाण्याएवढं यंत्र हलणार नाही?”

“काका, एकदम सोपं आहे,” तंत्रज्ञही ओरडला. “कानाजवळ तळहात वर नेला, की आवाज मोठा. खाली आणला, की लहान. मूठ वळली, की बंद. परत सुरू करायला पंजा उघडून दोन सेकंद स्थिर धरायचा. स्थिर, हं!”

“मला स्थिर शिकवतोय,” सिग्नल लेकीला म्हणाला.

घाई होती. सोमवारी सकाळी बायकोचं ऑपरेशन होतं. घशातल्या गाठीपायी स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. तिच्या आवाजाचे उरले होते दोन दिवस, शनिवार आणि रविवार, आणि तो आवाज त्याने नीट ऐकल्याला वीस वर्षं झाली होती. ही वीस वर्षं तिने ओरडूनच संसार केला. तिचा घसा आपल्यामुळेच गेला, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याचा काही संबंध नाही, असं सर्जनने तीनदा सांगितलं. (तेही सर्जनला ओरडूनच सांगावं लागलं.)

शनिवारी संध्याकाळी त्याने यंत्र कानात घातलं, तळहात हळूच वर नेला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

“साखर संपलीय,” ती म्हणाली.

तो तिथल्या स्टुलावर मटकन बसला. “हा तुझा आवाज?”

“मग कोणाचा? घरात दुसरी आणून ठेवलीय का?”

आवाज घोगरा होता, फरशीवरून खुर्ची ओढावी तसा. पण त्याच्या तळाशी कुठेतरी जुना आवाज होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला.

“परत बोल.”

“काय बोलू?”

“तेच.”

“साखर संपलीय,” ती म्हणाली, आणि म्हातारा ढसाढसा रडला.

रविवारी दुपारी तिने लेकीला आतल्या खोलीत हॉस्पिटलची बॅग भरायला बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तोंडाशी रुमाल होता, कारण बोलताना खोकला यायचा.

“आता ऐका. हे मी एकदाच सांगणार आहे. परत सांगायला घसा नाही माझ्याकडे.”

“सांग.”

“तुमचे कान गेले ना, त्या वर्षी मी घर सोडून चालले होते. रोज भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं. तुम्ही कामावर होतात. मी बॅग भरली, चप्पल घातली, दारापर्यंत आले, आणि तिथे...”

ऐकता ऐकता सिग्नलचा हात गालाशी गेला होता. गोष्ट दारापाशी पोचताच त्याची मूठ वळली. बायको घर सोडून निघते तेव्हा कोणाचीही वळते, आणि याच्या मुठीला तर एकतीस वर्षं एकच अर्थ ठाऊक होता, थांब.

क्रेन थांबायची. बायको थांबली नाही. थांबला तो तिचा आवाज.

“आवाज बंद केला आहे,” कानात एक गोड बाई म्हणाली.

त्याने घाईघाईने पंजा उघडला. पण वीस टन तोलणारा तो हात आता कापत होता.

“हालचाल ओळखता आली नाही,” बाई म्हणाली. “कृपया हात स्थिर ठेवा.”

समोर रुमालाआड बायको बोलत होती. ओठ दिसत नव्हते. डोळे दिसत होते. ते भरून आले, मग एकदा हसले, मग खिडकीकडे वळले.

“हालचाल ओळखता आली नाही.”

थांब म्हणावं, तर ती जन्मात अशी बोलली नव्हती. परत सांग म्हणावं, तर घसा नव्हता. शिवाय डबी कोणी निवडली होती? हात स्थिर व्हावा म्हणून त्याने तो दुसऱ्या हाताने धरला. तर दोन हात बघून बाई जास्तच गोंधळली. अशी यंत्रं बनवणाऱ्यांनी एकदा तरी रडणाऱ्या माणसाचा हात बघितला असेल का? त्यांच्या माहितीपुस्तिकेत कार चालवणारे हसरे लोक होते, पोहणारे होते, रडणारा एकही नव्हता.

मग त्याने हात मांडीवर ठेवले आणि नुसती मान डोलावली. पंचवीस मिनिटं.

शेवटी तिने रुमाल खाली घेतला. ओठ हलले. “कळलं ना?”

“सगळं,” तो म्हणाला.

ती उठली. त्याने पुन्हा पंजा वर धरला. तिची पाठ वळली होती म्हणून असेल, या वेळी तो स्थिर राहिला.

“आवाज सुरू आहे,” बाई म्हणाली.

“आई, टॉवेल किती घेऊ?” आतून लेक.

“तीन,” बायको म्हणाली.

त्यानंतर ती थकून झोपली, आणि सकाळी हॉस्पिटलच्या धावपळीत कोणी कोणाशी बोललं नाही. बायकोच्या आवाजातला त्याने ऐकलेला शेवटचा शब्द एवढाच. तीन.

ऑपरेशन नीट झालं. दहाव्या दिवशी ती घरी आली, गळ्याला पट्टी, मांडीवर वही. चार दिवस सिग्नल तिच्याभोवती घुटमळत राहिला. पाचव्या दिवशी त्याच्याने राहवेना.

“मी ऐकलंच नाही,” तो म्हणाला. “तू दारापर्यंत आलीस, तेवढंच. पुढे मूठ वळली. त्या यंत्राचं... नाही, माझंच चुकलं. ‘सगळं’ म्हणालो ते खोटं बोललो. तू का थांबलीस, एवढं तरी लिही.”

तिने पेन्सिल उचलली. ‘ठाऊक होतं. तेव्हाच.’

“ठाऊक होतं? मग बोलत कशाला राहिलीस?”

ती लिहू लागली. ‘तुम्हाला ऐकू येत असतं, तर तुम्ही मला मधेच न तोडता...’

“हे बघ, हे असलं नाही चालायचं!” सिग्नल उसळला. “मी तुला कधी मधेच तोडलं? एक प्रसंग दाखव. एक! उलट मीच आयुष्यभर...”

तिने पेन्सिल कागदावर तशीच टेकवून ठेवली आणि तो संपेपर्यंत वाट बघितली. मग उरलेलं वाक्य पुरं केलं.

‘...पंचवीस मिनिटं बोलू दिलं असतंत?’