टाचा पाहणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई कोणाच्याही घरी गेल्या की प्रथम माणसांच्या टाचा पाहत. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावातली मराठी मंडळी पादत्राणे दाराशीच काढत, त्यामुळे आमचे हळदीकुंकू म्हणजे त्यांना पर्वणीच.

"वहिनी, उजव्या टाचेला भेग आहे. काय लावता?"

"व्हॅसलीन लावते हो, रोज."

"लावता ते कळलं. झालं काय?"

हे त्यांचे पालुपद. ऐंशीच्या दशकात त्या ज्या रुग्णालयात परिचारिका होत्या, तिथेच मी नोंदी विभागात होते. एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिलेल्या रुग्णाची कातडी दाबाने दुखावते आणि टाचेवर, कमरेवर व्रण होतो. म्हणून परिचारिकांनी ठरावीक वेळाने रुग्णाची कूस बदलावी व तक्त्यावर सही करावी, असा नियम होता. सह्या पूर्ण असल्या की वॉर्ड उत्तम ठरे, मग व्रण कितीही असोत.

"कुसुम, चार्ट परफेक्ट आहे," मुख्य परिचारिका डोरोथी म्हणाली. "मग तुझा प्रॉब्लेम काय?"

"गादीवर चार्ट झोपत नाही," कुसुमताई म्हणाल्या.

डोरोथी हसली, पण तिने उन्हाळाभराची मुदत दिली. सह्यांऐवजी व्रण मोजायचे. ते कमी झाले नाहीत, तर ही पद्धत बंद आणि कुसुमताईंची वॉर्डातून बदली.

तो उन्हाळा एखाद्या क्रिकेट सामन्यासारखा गेला. जेवणाच्या सुट्टीत माझा फोन वाजे. "सुधा, आज नवा एकही नाही हं." एरवी गप्पांत रमणाऱ्या परिचारिका आता रोज सकाळी आधी रुग्णांचे मोजे काढू लागल्या. अखेरची बेरीज मी पुन्हा पुन्हा तपासली. व्रण स्पष्टपणे कमी झाले होते. हीच पद्धत आता सर्व वॉर्डांत, असे डोरोथीने जाहीर केले. टाळ्या झाल्या, केक कापला गेला. कुसुमताई मात्र कुठे दिसेनात.

केकची बशी घेऊन मी शोधायला निघाले. त्या टोकाच्या खोलीत, हॅन्सन नावाच्या वृद्ध गृहस्थांजवळ होत्या. सर्व काळजी घेऊनही हॅन्सनच्या कमरेवर व्रण झालाच होता. त्यांना भेटायला कोणी येत नसे.

"तुमचं तेवढं राहून गेलं, आजोबा," कुसुमताई मराठीतच सांगत होत्या. "फार ठणकतंय का?"

हॅन्सनना त्यातले अक्षरही कळत नव्हते. ते त्यांचा हात धरून पडले होते.

"ताई, बाहेर सगळे थांबलेत," मी म्हटले.

"येते. आधी यांना वळवू या. तू खांदा धर."

मी बशी खाली ठेवली.