इंदूबाईंचा आदर्श पंखा

देशाची वीज नेमकी कोण उधळतं, हा गंभीर प्रश्न आहे. त्याचा शोध लहान घरांपासूनच घ्यावा लागतो, कारण मोठ्या घरांची फाटकं बंद असतात आणि आत कुत्रा असतो.

म्हणून आमच्या संस्थेने रायपुरात गरीब घरांची मोफत ऊर्जा-तपासणी सुरू केली. ऐन मे महिन्यात आमचे अभियंता शार्दूल गुढियारी वस्तीत इंदूबाईंच्या खोलीत शिरले. एक बल्ब, एक पंखा आणि पंख्याखाली झोपलेले त्यांचे यजमान शालिग्राम. (शालिग्राम गोदामाचे रात्रपाळीचे चौकीदार. दिवसा झोपणं ही उधळपट्टी आहे का, यावर आमच्यात मतभेद आहेत.) तेवढ्यात शालिग्राम उठले आणि इंदूबाईंनी लगेच पंखा बंद केला.

“दीदी, कुछ तो वेस्ट होता होगा?” शार्दूलनी काकुळतीने विचारलं. शार्दूल घरचे मराठी, पण बोलतात हिंदीतच.

“उरतच नाही तं फेकू काय, भैया?”

वाया जाणारी वीज सापडली नाही, तर संस्था बंद पडते. पण आमचे संचालक दूरदृष्टीचे. त्यांनी ते घर ‘आदर्श’ ठरवलं आणि अभ्यासदौरे सुरू केले.

नवरा उठताच इंदूबाई पंखा कसा बंद करतात, हे प्रत्येक पथकाला पाहायचं असे. त्यासाठी शालिग्रामना झोपवायचं, पंखा लावायचा, मग उठवायचं. मागच्यांना दिसलं नाही की पुन्हा झोपवायचं. पाहुण्यांना उकडू नये म्हणून इंदूबाईंच्याच बोर्डावर दोन मोठे पंखे, चित्रीकरणाचे दिवे आणि माइक. (पाहुण्यांपैकी शंभर टक्के समाधानी. यजमानांना विचारण्याची पद्धत नाही.)

शालिग्राम गोदामाच्या फाटकावर उभ्या उभ्या झोपू लागले. शेटने काढून टाकायची धमकी दिली. इंदूबाई रडकुंडीला आल्या. “साहेब, एक दिवस तरी झोपू द्या न त्याईले!”

“दीदी, झोपायलाच तर सांगून राहिलो,” शार्दूल म्हणाले. भावनेच्या भरात मराठीत.

पावसाळ्यात फेरतपासणी झाली. विजेचा वापर चौपट! आम्हाला धक्का बसला. मान मिळाला की गरीब माणूस कसा बिघडतो, यावर संचालकांनी भाषण केलं आणि इंदूबाईंचं नाव आदर्शातून कमी झालं.

दुसऱ्या दिवशी एक पथक चुकून तिथेच गेलं. इंदूबाईंनी दार अर्धंच उघडलं. आत पंखा गरगरत होता, शालिग्राम घोरत होते.

“हळू बोला जी,” त्या कुजबुजल्या. “इथं आता कोनी आदर्श राहत नाही.” आणि कडी लावली.

असो. एवढं वाचताना तुम्हाला आठवलं असेल, की आतल्या रिकाम्या खोलीतला एसी चालूच राहिला आहे. उठू नका. तपासणी फक्त गरिबांसाठी आहे. तुम्ही अपात्र आहात.