कलाबाईंचा भिंतीवरचा फोटो

गल्लीतल्या पुष्पाबाईंच्या दहाव्याहून परतल्यावर कलाबाईंनी चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, की आपल्यावर अशी पाळी येऊ द्यायची नाही. पाळी मरणाची नव्हे, फोटोची. पुष्पाबाईंचा घरात एकही धड फोटो सापडला नव्हता, म्हणून पोरांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्यालाच हार घातला होता. त्यात ती देवभोळी बाई कोंबडी चोरताना पकडल्यासारखी दिसत होती.

"मन्हा फोटो आतेच काढी ठेवा," कलाबाई म्हणाल्या. "मंग मी सांगाले येनार नही, चांगला नही उना म्हनीसन."

हे ऐकून त्यांच्या मुलाच्या, योगराजच्या अंगात वारं शिरलं. योगराज गुजरातेत, उधन्याच्या लूम कारखान्यात मागांवर देखरेख करणारा मास्तर होता, पण मनाने तो फोटोग्राफर होता. तरुणपणी घेतलेला रोलचा कॅमेरा तो अजून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत असे आणि दर दसऱ्याला त्याची पूजा करत असे. त्या कॅमेऱ्याने काढलेला एकही फोटो आजवर घरातल्या भिंतीवर चढला नव्हता. आईचा तरी चढावा, एवढीच आता त्याच्या जिवाची इच्छा होती.

अडचण होती जावयाची. योगराजची लेक सोनाली हिचा नवरा विकास लग्नांचं शूटिंग करायचा आणि त्याच्याकडे भलामोठा डिजिटल कॅमेरा होता. आजीच्या फोटोचं कळताच तो दुसऱ्याच दिवशी कॅमेरा घेऊन हजर झाला. खानदेशी घरात जावयाला दारातून परत पाठवण्याची पद्धत नाही. त्याला पाट द्यायचा, गोड खाऊ घालायचं आणि तो चुकत असला तरी मान डोलवायची. योगराजने मान डोलवली, पण आतून त्याचा नुसता जळफळाट झाला.

त्यात कलाबाईंनी अट घातली. हाराचा फोटो काढायला माणसाने एकदाच बसावं, दोनदा बसलं तर यमाचा गोंधळ होतो, असं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. तेव्हा दोघांनी एकाच बैठकीत काय ते काढावं. कलाबाई नथ घालून, डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसल्या. विकासचा कॅमेरा पावसाळ्यातल्या बेडकासारखा न थांबता वाजत राहिला. योगराजने श्वास रोखून एकदाच बटण दाबलं आणि घाम पुसला.

विकासचा फोटो तिथल्या तिथे पाहता आला. कलाबाईंनी तो जवळून पाहिला. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी अशी उमटली होती, हनुवटीवरचा एकुलता एक केससुद्धा सुटला नव्हता.

"हाई कोन म्हातारी शे?" त्यांनी विचारलं.

विकासचा चेहरा पडला. योगराजने जावयाला समजावलं, की आईची नजर आता अधू झाली आहे. मग तो मोरीत गेला आणि पोटभर हसून आला.

हसू फार टिकलं नाही. त्याच्या ओळखीतला रोल धुणारा धंदा बंद करून मोबाइलची कव्हरं विकत होता, त्यामुळे रोल कुरिअरने मुंबईला पाठवावा लागला. तेव्हापासून योगराजचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कारखान्यात धागा तुटला तरी त्याला दिसेना. मोबाइल वाजला की तो दचकायचा आणि नाही वाजला की मुंबईला फोन लावायचा. जेवताना उठून उगाच दारापर्यंत जाऊन यायचा. शेवटी एकदाचा फोटो आला, तोही मोबाइलवरच.

"मामा, मग हा पण डिजिटलच झाला ना?" विकासने अगदी आदराने विचारलं.

फोटो मऊ होता, उबदार होता, पण जरा जास्तच मऊ होता.

"मले काय धुक्कामा बठाडं व्हतं?" कलाबाई म्हणाल्या.

योगराजने ठासून सांगितलं, की बोटभर काचेवर फोटोची पारख होत नसते. मोठा करा, लांबून बघा, म्हणजे रोलची खोली कळेल. विकासही म्हणाला, की मोठाच करू, म्हणजे डिजिटलची सफाई कळेल. मोठ्यात मोठा फोटो छापणारा त्यांच्या माहितीत एकच होता, कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला लोटू. फ्लेक्सवर फोटोची पारख करणं म्हणजे गोणपाटावर पैठणीची पारख करणं, पण तेवढा विचार करण्याइतकं डोकं कुणाचंच ठिकाणावर नव्हतं. दुसरा मधे काही चलाखी करेल, या धास्तीने दोघांनी आपापला फोटो लोटूला गुपचूप पाठवला. योगराजने फोनवर घोगऱ्या आवाजात सांगितलं, "आईचा फोटो आहे रे. मोठा कर. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही." थोड्या वेळाने विकासचा निरोप गेला, की आजींचा आहे, अर्जंट कर, आणि मामांना बोलू नको.

लोटू सरळ माणूस होता आणि त्याची सारी हयात याच धंद्यात गेली होती. म्हाताऱ्या बाईचा एकटीचा फोटो, पोरगा आणि नातजावई दोघांनाही एकाच दिवशी, घाईने, मोठा करून का हवा असतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. अशा वेळी घरच्यांना जास्त प्रश्न विचारू नयेत, एवढी माणुसकी त्याच्यापाशी होती. दोघं वेगवेगळे मागतायत म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, हेही त्याने ओळखलं. म्हणून त्याने पहाटे उठून एक फलक गल्लीच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला आपल्या हाताने बांधला.

सकाळी योगराज लगबगीने लोटूच्या दुकानाकडे निघाला, तो गल्लीच्या तोंडाशीच त्याला आई दिसली. केवढी मोठी, केवढी देखणी! चेहरा कसा लोण्यासारखा उमटला होता, नथीचा मोती झळकत होता, डोळ्यांत ओल होती. रोलची करामत! योगराजचा ऊर भरून आला. मग त्याची नजर वर गेली. तिथे लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग नजर खाली आली. तिथे लिहिलं होतं, 'शोकाकुल : नातजावई विकास'.

खरं सांगायचं तर दुसरा धक्का पहिल्यापेक्षा जोराचा बसला. फ्लेक्सच्या जाड्याभरड्या ठिपक्यांनी विकासच्या फोटोतल्या सगळ्या सुरकुत्या गिळून टाकल्या होत्या. योगराज धावत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे त्याचा स्वतःचा फोटो होता. आधीच मऊ असलेली आई फ्लेक्सवर पार विरघळली होती. नथ होती म्हणून कळत होतं, की तिथे नाक आहे.

तो दोरी सोडायला लागला, तेव्हा शेजारच्या आनंदाने त्याचा हात धरला. "राहू दे दादा. दहा दिवस तरी राहू दे. बधा ने मालूम पडवा दे, सगळ्यांना कळू दे." कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी डोळे पुसले. तेवढ्यात योगराजला दिसलं, की बायांचा एक घोळका पिठलं-भाकरीची पातेली घेऊन त्याच्या घराकडे वळतो आहे. आईला हे अपशकुनाचं कळलं तर ती धसक्यानेच जायची, आणि मग फलक खरे ठरायचे. तो जिवाच्या आकांताने पळत सुटला.

तरी उशीर झाला. बाया रीतीप्रमाणे तोंडावर पदर ओढून, गळा काढत दारात शिरल्या होत्या. कलाबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. बाया रडत आल्या की आधी रडायचं आणि मग विचारायचं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांनी मेथी बाजूला सारली, पदर तोंडावर घेतला, शेजारणीच्या गळ्यात पडल्या आणि सगळ्यांच्या वरचा सूर लावला. पदराआड कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. योगराज दारात उभा राहून आपल्या आईला तिच्याच मरणावर रडताना बघत होता.

जरा दम घ्यायला थांबल्या, तेव्हा कलाबाईंनी नाक पुसत विचारलं, "पन गयं कोन, माय?"

सगळे पदर एकदम वर झाले. कोपऱ्यावरची जयश्री हातातल्या पातेल्यासकट खाली बसली. "आजी, तुम्हीच," ती म्हणाली.

कलाबाईंना ना धसका बसला, ना घेरी आली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पायात चपला घातल्या आणि फोटो दाखवा म्हणाल्या. तोवर वार्ता ऐकून विकास आणि सोनालीही धावत आले होते. आजी जिवंत असल्याचं लोटूच्याही कानावर गेलं होतं. आजी पोचायच्या आत त्याने दुकानातल्या तयार 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'च्या पट्ट्या आणून दोन्ही फलकांवरची अक्षरं वर-खाली झाकून टाकली. त्यासरशी शोकाकुल मंडळींची नावंही झाकली गेली.

कलाबाईंनी धुक्यातला फोटो पाहिला आणि नाक मुरडून त्या पुढे चालू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी मात्र थबकल्या. मागे सगळी गल्ली उभी होती.

"हाऊच मन्हा फोटो," त्या अखेर म्हणाल्या. "दखा, मन्हा योगराजनी काढा. हाऊच कापीसन भिंतले लावा."

लोकांनी योगराजची पाठ थोपटली. आनंदा म्हणाला, रोलची गोष्टच न्यारी. योगराजने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण आईच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून ते परत मिटलं. त्याने विकासकडे पाहिलं. आपला फोटो न ओळखायला विकास काही आंधळा नव्हता.

"हो आजी, मामांचाच," विकास म्हणाला. "डिजिटलला हे जमतंय का?"

आजवर योगराजने जावयासमोर मान डोलवली होती, आज जावयाने त्याच्यासमोर डोलवली. योगराजला इतकी लाज वाटली आणि इतकं भरूनही आलं, की तो कुणाकडेच बघू शकला नाही. लोक जयश्रीचं पिठलं खायला घराकडे वळले, तेव्हा तो विकासला बाजूला घेऊन गेला.

"जावईबापू," तो हळूच म्हणाला, "तुमचा तो कॅमेरा... एकदा दाखवा बरं, कुठं काय दाबायचं असतं."

विकासने काही न विचारता खांद्यावरचा कॅमेरा उतरवला आणि त्याचा पट्टा मामांच्या गळ्यात घातला.